दादा लिस्टमध्ये आला

...आणि वर पुन्हा मलाच विचारतात, "तू का गप्प?" आता मी का गप्प आहे हे सांगायला लागले तर मी गप्प कशी राहीन, सांगा तुम्ही! तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या घरात बोलणारी माणसं आधीच इतकी झालीत की अजून एक बोलायला लागलं तर ऐकायला म्हशीला आत घ्यावं लागेल. पप्पा बोलतात, मम्मी बोलते, टीव्ही बोलतो, आणि पप्पांचा मोबाईल तर उजाडायच्या आत बोलायला लागतो, कारण त्याच्यावर टोमॅटोचे भाव येतात, आणि त्या भावांच्या पाठोपाठ हौशीरामभाऊंचा फोन येतो, आणि हौशीरामभाऊंचा फोन आला की आमच्या घरात सगळे श्वास रोखून बसतात, कारण ते एकच वाक्य बोलतात... "संपतराव, लिस्ट बदलली."

मी काही बोलत नाही. मी कुठं बोलते!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल कसली लिस्ट, किराण्याची का लग्नाची. मी आरोही, वारूळवाडीची. नारायणगाव कुठं संपतं आणि वारूळवाडी कुठं सुरू होते ते फक्त ग्रामपंचायतीला कळतं, पण पप्पांसमोर आम्ही नारायणगावचे असं म्हणून बघा! तर, परदेशात एक देश आहे. नाव मी घेणार नाही, आमच्या घरात कुणीच घेत नाही, मम्मीचं म्हणणं नाव घेतलं की लिस्ट बदलते, म्हणून आम्ही नुसतं "तिकडं" म्हणतो. तर तिकडं कामाला जायचं तर व्हिसा लागतो, आणि व्हिसा कुठल्या कामाच्या माणसाला द्यायचा याची त्या लोकांची एक लिस्ट असते. म्हणजे ते म्हणतात, आमच्याकडं ही ही कामं येणारी माणसं कमी पडलीत, त्यांनी या. बाकीच्यांनी आपापल्या घरी सुखी राहा. आणि ती लिस्ट ते बदलतात. मनात आलं की बदलतात. कुणी निवडून आलं की बदलतात, कुणी पडलं की बदलतात.

आता दुसऱ्या कुणाच्या वडलांनी ही लिस्ट वाचली असती. आमच्या पप्पांनी ती वाचली नाही, त्यांनी ती ओळखली. मांडी घालून बसले, मोबाईल लांब धरला आणि म्हणाले, "आरं, ह्यो तर आपला मार्केट यार्ड हाय."

कारण पप्पांचं टोमॅटोचं एक शास्त्र आहे. सगळे लावतात तेव्हा आपण लावायचं नाही, सगळे उपटून टाकतात तेव्हा आपण लावायचं. हे शास्त्र आमच्या रानात आजवर एकदाच लागू पडलंय. मी तेव्हा बालवाडीत होते. त्या वर्षी आम्ही ट्रॅक्टर घेतला, आणि त्या वर्षाबद्दल पप्पा अजून असं बोलतात की पावण्यांना वाटतं एखाद्या वारलेल्या सज्जन माणसाबद्दल बोलतायत. त्यानंतर दरवर्षी ते शास्त्र चुकतं आणि दरवर्षी पप्पा म्हणतात, शास्त्र बरोबर होतं, लोकांनी ऐन वेळी घात केला.

तर पप्पांनी ठरवलं की आदेशदादाला तिकडं पाठवायचं. आदेश म्हणजे माझा मोठा भाऊ. आता इथं माझा प्रश्न काय, ते एकदा सांगून टाकते, परत परत विचारू नका. दादा गेला तर माझ्या वतीनं बोलणार कोण? हसू नका. वडापावच्या गाडीवर मी उभी राहिले ना, तर गाडीवाला आपणहून माझ्याकडं बघेपर्यंत उभी राहते, आणि मी अशी उभी राहते की कुणी बघत नाही. दादा सोबत असला की म्हणतो, "हिला एक, चटणी जास्त." झालं! सातवीत जोहराबींनी माझा शाळेचा ड्रेस शिवला, तो काखेत इतका घट्ट की मला वर्गात हात वर करता येईना, आणि बाईंना वाटायचं हिला उत्तर येत नाही. मी वर्षभर तसाच घातला असता. दादा गेला, जोहराबींना म्हणाला, चाची, पोरगी श्वास कुठनं घेणार? त्यांनी संध्याकाळपर्यंत उसवून दिला, वर मला चिवडा दिला. असा दादा! आणि तो जाणार तिकडं, म्हणजे माझा आवाजही तिकडंच जाणार. पण घरात हे कुणाला ठाऊक? मी बोललेच नाही. मी कुठं बोलते!

पहिल्यांदा लिस्टमध्ये वेल्डर होता. आमच्या शेजारच्या कुशाबा आजोबांचा मुलगा सुदर्शन त्याच लिस्टमध्ये तिकडं गेला होता, म्हणून पप्पांनी दादाला मेहबूबचाचांच्या वर्कशॉपात घातलं. मेहबूबचाचा म्हणजे या जोहराबींचेच यजमान, सगळ्या भागातल्या द्राक्षांच्या मांडवांचे अँगल त्यांनी जोडलेत. दादाचा हात असा बसला की विचारू नका. गोठ्याचं गेट केलं, तुळशीला स्टँड केलं, माझ्या सायकलला कॅरिअर केलं, कोंबड्यांना असा खुराडा केला की त्यातून कोंबड्याच काय, अंडीसुद्धा बाहेर काढायला अवघड. घरात हलेल असं काही राहिलं नाही. सर्टिफिकेट आलं, पेढे आले, आणि फोन आला. संपतराव, लिस्ट बदलली. वेल्डर बाहेर.

हौशीरामभाऊ म्हणजे आमचे व्हिसाचे एजंट. खाली कीटकनाशकांचं दुकान, वर त्यांचं ऑफिस, भिंतीवर विमान. त्यामुळं परदेश म्हटलं की मला अजून फवारणीचा वास येतो. त्यांचं बोलणं असं, की वाईट बातमी हिंदीत आणि चांगली बातमी इंग्रजीत. "देखो संपतराव, मार्केट थोडा डाऊन है, बट बी पॉझिटिव्ह." तर त्यांनी सांगितलं की आता इलेक्ट्रिशियन वर आहे, आणि आचारी नुकताच लिस्टमधून पडलाय. सगळ्या पोरांनी इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला नावं घातली. आणि पप्पांचे डोळे चमकले. मला ते डोळे ओळखू येतात. "पडलाय?" म्हणाले. "म्हंजे चढणार. आपून आचारी लावायचा."

लावायचा! तुम्हाला सांगते, दादा हायवेच्या हॉटेलात आचाऱ्याच्या हाताखाली राहिला. कांदा चिरून चिरून त्याचे डोळे कायमचे प्रेमळ दिसायला लागले. घरी आला की मम्मीला म्हणायचा, प्लेटिंग बघ, आणि पिठल्यावर कोथिंबिरीचं एकच पान ठेवायचा, आणि मम्मी म्हणायची बाकीची जुडी काय देवाला ठेवलीस? आचारी काही चढला नाही. पण झालं काय, इलेक्ट्रिशियनही पडला. त्या दिवशी पप्पांनी गावभर हिंडून सांगितलं, बघा, त्यांचा पडला, आपला न्हाई पडला! दादा हळूच म्हणाला, पप्पा, आपला आधीच पडलेला होता. तर म्हणाले, "तेच म्हंतोय. पडल्याला परत पडत न्हाई."

यावर कुणी काय बोलणार? मी तर नाहीच.

मग तिसरी लिस्ट. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारे. तिकडं म्हातारी माणसं भरपूर आणि तरुण माणसांना वेळ नाही, म्हणे. जसं काही तिकडंच आहे ते! या वेळी मम्मीनं शास्त्राला हातच लावू दिला नाही. म्हणाली, जे विकतंय ते लावा आता. पण हौशीरामभाऊ म्हणाले, एक्स्पिरियन्स पाहिजे. आता एक्स्पिरियन्स आणायचा कुठून? आमच्या घरात म्हातारं कुणी नाही, आजी-आजोबा मी लहान असतानाच गेले. पप्पांनी इकडं तिकडं बघितलं, आणि त्यांची नजर बांधापलीकडं गेली, तिथं कुशाबा आजोबा गुडघा चोळत बसले होते. आजी वारलेली, सुदर्शन तिकडं, जेवण आमच्याच घरून जायचं. पप्पा त्यांच्याकडं गेले ते कसे, तर शेजाऱ्याकडं पंप मागायला जातात तसे. जरा वापरायला पाहिजे होता, दोन-तीन महिने, जपून वापरू.

आजोबांनी आधी काठी उगारली. मला काय धाड भरलीय, म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पोचलाच, अंगात पांढरा शर्ट, हातात गरम पाण्याची बादली, आणि तोंडानं, "गुड मॉर्निंग बाबा, हाऊ डू यू फील टुडे?" आजोबा माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्याला रात्री काय चावलं का गं?"

मी काही बोलले नाही.

पण काय सांगू, महिना गेला आणि चित्रच पालटलं! दादानं त्यांच्या मोरीत भिंतीला पाईप जोडून दिला, धरून उठायला. पायरीपाशी लोखंडी उतार केला. हॉटेलातली मऊ खिचडी करायचा, वर तूप, आणि कोथिंबिरीचं एकच पान. नखं काढायचा, दाढी करायचा, बांधापर्यंत चालवून आणायचा आणि सगळं इंग्रजीत, कारण सराव. आजोबांना एक अक्षर कळत नव्हतं पण ते उत्तरं देत होते! दादा विचारायचा, एनी पेन? आजोबा म्हणायचे, हा, काल म्हस गाभण राहिली. दोघंही खूश. आजोबा सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून ओट्यावर बसून राहायचे, आणि दादाला जरा उशीर झाला की बांधावरून हाक, "आरं ए इंग्लिश, पाणी निवलं की!" अख्खी वाडी दादाला इंग्लिश म्हणायला लागली.

आणि मग आला इंटरव्ह्यू. व्हिडिओवर. तिकडच्या एका वृद्धाश्रमाच्या बाई घेणार होत्या. हौशीरामभाऊ लॅपटॉप घेऊन कुशाबा आजोबांच्या ओसरीवरच आले, कारण बाईंनी सांगितलं होतं, प्रत्यक्ष सांभाळताना दाखवा. पप्पांनी आजोबांची तालीम घेतली. आधी न्हाई म्हनायचं, जेवायचं न्हाई म्हनायचं, मग आदेश इंग्लिशमदी समजावणार, मग खायचं, समदं खायचं. आजोबा म्हणाले, एवढंच ना? त्यांना सांगितलं होतं की ही दादाची परीक्षा आहे. कसली, ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि हौशीरामभाऊ ओसरीच्या कडेला उभं राहून फोनवर कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, हां हां, पोरगं आज पास झालं की पुढच्या महिन्यात फुर्र, तिकडं.

मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते. मी आजोबांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढला आणि नीट घडी करून मांडीवर ठेवला.

बाई पडद्यावर आल्या. पांढरे केस, चष्मा, गळ्यात मोत्याची माळ, आमच्या पाचवीच्या बाईंसारख्याच दिसत होत्या. दादानं खिचडीचा चमचा पुढं केला. आजोबा म्हणाले, न्हाई. पप्पांनी अंगठा दाखवला, छान! दादानं इंग्रजीत समजावलं. आजोबा म्हणाले, न्हाई. दादानं अजून समजावलं, पाठीवरून हात फिरवला, चमचा परत पुढं केला. न्हाई. पप्पांचा अंगठा खाली यायला लागला. तालमीत एवढं नव्हतं. पप्पा लॅपटॉपमागून खुणा करतायत, आता खा, खा, आणि आजोबांचे डोळे भरून आले आणि ते थेट त्या लॅपटॉपमधल्या बाईंना म्हणाले, "माझा एक न्हेलाय तुमी. आता ह्योबी न्हेता व्हय?"

बाईंनी विचारलं, ते काय म्हणतायत? दादा म्हणाला, ही इज सेइंग थँक यू. बाईंना चष्मा होता पण त्यांना दिसत होतं की. परत विचारलं. दादाला बोलवेना. हौशीरामभाऊंना इंग्रजी फक्त चांगल्या बातमीपुरतं येतं. पप्पा आढ्याकडं बघायला लागले. ओसरीवर कुणी काही बोलेना, आणि इतकं कुणीच बोलत नाही असं मी आमच्या माणसांत कधी बघितलं नव्हतं, मला ते सहनच झालं नाही, आणि मला वाटलं आता कुणीतरी खरं सांगितलं तर दादा नापास होईल, दादा राहील... आणि मी बोलले.

हो, मी! ट्रे हातात तसाच. इंग्रजीत. म्हणाले, ते म्हणतायत, माझा एक मुलगा तुम्ही आधीच नेलात, आता हाही नेणार का?

मम्मीच्या हातातला पेला पडला. आजोबा माझ्याकडं बघायला लागले. दादानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही तुळशीच्या स्टँडनं त्याला हाक मारलीय. आणि बाई? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाल्या की माझ्या इतक्या वर्षांत मी असा इंटरव्ह्यू बघितलेला नाही, ज्याला पेशंट सोडायला तयार नाही त्याच्याहून चांगला माणूस मला कुठं मिळणार? यू आर सिलेक्टेड!

म्हणजे बघा हं तुम्ही. दादानं जाऊ नये म्हणून जिचा जीव टांगलेला, तिनं आयुष्यात एकदा तोंड उघडलं, आणि दादाला पाठवला कुणी? तिनंच! म्हणून मी बोलत नाही. मी कुठं बोलते!

मग काय, चौकात फ्लेक्स लागला. "परदेशगमनानिमित्त हार्दिक शुभेच्छा." मधे दादा, गॉगल लावलेला, मागं विमान, खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात मेहबूबचाचा, हौशीरामभाऊ, आणि न विचारता लावलेला कुशाबा आजोबांचा फोटो, दात नसलेला. बॅग आली. मम्मीनं मसाला कुटला, जोहराबींनी रजई शिवून दिली, एवढी जाड की बॅगेत रजई बसेल नाहीतर दादाचे कपडे. दादा हसत होता, पण संध्याकाळी वर्कशॉपात जाऊन उगीचच काहीतरी जोडत बसायचा. एकदा मला म्हणाला, आरू, वडापाववाल्याला मी सांगून ठेवलंय, तू नुसती उभी राहा, तो देईल. मी मान हलवली. दुसरं काय करणार! आजोबा मात्र सकाळी टॉवेल घेऊन बसायचे बंद झाले होते. दादा आपणहून जायचा, ते आपणहून भिंतीकडं तोंड करायचे.

आणि मग एका सकाळी टोमॅटोचे भाव आले, आणि पाठोपाठ फोन. पप्पांनी स्पीकरवर टाकला. आणि हौशीरामभाऊ हिंदीत सुरू झाले. हिंदी ऐकूनच मम्मी खाली बसली. "देखो संपतराव..." देखभालवाले लिस्टच्या बाहेर. नवीन व्हिसे बंद, आणि दादाचा अजून यायचाच होता.

तुम्हाला वाटेल घरात रडारड झाली. पप्पा एवढंच म्हणाले, पडला. मम्मी म्हणाली, चहा टाकू? दादा म्हणाला, मी आजोबांचं पाणी तापवतो, आणि गेलासुद्धा, आणि बांधावरून आवाज आला, गुड मॉर्निंग बाबा! आणि तिकडून, "आरं इंग्लिश, बोंबलतो कशाला, हितंच हाय की मी!" मी म्हशीला वैरण टाकायला गेले आणि म्हशीच्या गळ्यात पडले. म्हशीनं काही विचारलं नाही. म्हणून मला म्हैस आवडते.

आता दादा मेहबूबचाचांकडंच आहे. पण झालंय काय, आजोबांचे पावणे आले, निमगाव साव्याहून, मोरीतला पाईप बघून आमच्या म्हातारीलाबी असला बसवा म्हणाले. मग पारगावहून बोलावणं आलं. आपल्या भागात पोरं बाहेर आणि म्हातारी घरात, ही लिस्ट कुठं बदलतेय? दादा जातो, मोरीत धरायला पाईप, पायरीला उतार, कॉटला कठडा बसवतो, जाता जाता मऊ खिचडी कशी करायची ते सुनेला सांगतो, आणि म्हाताऱ्या माणसाशी तासभर गप्पा मारतो. तीनही पडलेली पिकं एकाच वाफ्यात उगवली. पप्पा म्हणतात, बघितलं, मी म्हनलं व्हतं, पडल्याला परत पडत न्हाई! आणि फ्लेक्स कुशाबा आजोबांच्या सरपणावर अंथरलाय, गॉगलवाला दादा वर तोंड करून. आजोबा म्हणतात, पोरगं हितनं हललं न्हाई, आभाळाकडं बघत पडलंय.

सगळं छान झालं ना? मलाही तसंच वाटत होतं! पण कुशाबा आजोबांनी गावभर काय सांगितलं माहितीये? की ती लिस्ट बदलली ती आरोहीमुळं! म्हणतात, मी गाऱ्हाणं केलं, पोरीनं त्या बाईला इंग्लिशमदी सांगितलं, बाईनं वर सरकारला सांगितलं, सरकारनं लिस्ट बदलली. सरळ आहे! आधी लोक हसले. मग पप्पा हसायचे थांबले. आणि पप्पांचे डोळे चमकले.

परवा हौशीरामभाऊंचा फोन आला, पोरी सगळ्या नर्सिंगला चालल्यात, आणि दुभाषी नुकताच लिस्टमधून पडलाय. पप्पांनी माझ्याकडं बघितलं. दहावीचा निकाल लागायचाय माझा अजून! "पडलाय," म्हणाले, "म्हंजे चढणार. आपून दुभाषी लावायचा."

दादा कानात म्हणतो, आरू, नाही म्हण, तोंड उघड. आता तोंड उघडलं की पप्पा काय म्हणणार? बघा, केवढं बोलती पोरगी! म्हणून मी गप्प बसलेय आणि फोनची वाट बघतेय. लिस्ट बदलेल. आमच्या घरात भरवसा ठेवावा अशी तेवढी एकच गोष्ट आहे. तुम्ही फक्त एक करा... आमचे पप्पा भेटले तर मी एवढा वेळ बोलत होते हे त्यांना सांगू नका.